ओल्या भिंतींचा उन्हाळा

मार्च लागला की म्हैसूर एकदम शहाण्यासारखं वागायला लागतं. एरवी पहाटेपासून ओरडणारा देवळाचा कर्णा आपला आवाज खाली आणतो. गल्लीतली पोरं क्रिकेट सोडून गच्चीवर पुस्तक घेऊन येरझाऱ्या घालतात. दहावीची मुलं पेपराला जायच्या आधी गणपतीच्या पायांशी पेनं ठेवतात, आणि पुजारी त्या पेनांवर इतकं कुंकू सांडतात की उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाला लाल बोटं लागत असणार. रस्त्याकडेची झाडं पानं टाकून नुसती गुलाबी होतात. येणारेजाणारे स्कूटर थांबवून फोटो काढतात. सगळं कसं छान छान. माझं मात्र हे दिवस आले की तोंड कडू पडतं. आधी वाटलं पित्त असेल. डॉक्टरला दाखवलं, त्यानं गोळ्या दिल्या, त्या खाऊन झाल्या. पित्त नाही हो. सिमेंट आहे.

आमच्या घरासमोर शाळा आहे. मध्ये फक्त रस्ता. यंदा त्या शाळेवर वरचा मजला चढतोय. सकाळी आठ वाजले की सेंट्रिंगच्या लोखंडी पाट्या आपटायला सुरुवात होते, आणि दुपारी ऊन तापलं की ओल्या सिमेंटचा वास थेट स्वयंपाकघरात येऊन बसतो. फोडणीच्या वासालाही तो दाद देत नाही. लोकांना नव्या बांधकामाचा वास आवडतो म्हणे. मलाही आवडायचा. खालचा मजला बांधत होते त्या उन्हाळ्यात मी आणि माझी थोरली बहीण, आम्ही दोघी, तो वास घ्यायला रोज रस्ता ओलांडून जायचो. तो उन्हाळा आठवला की आधी अक्कावर राग येतो, मग बाळूअण्णावर, मग आमच्या सगळ्या जातगोतावर. आणि राग ओसरला की नुसतं बसून राहावंसं वाटतं.

आम्ही रंगारी. आमची माणसं म्हैसुरात कधी आली, कुठून आली, यावर समाजाच्या बैठकीत दर वर्षी भांडण होतं. कपडे रंगवायला आणि छापायला आली, एवढं मात्र सगळ्यांना मान्य. शाळा आहे ते मैदान पूर्वी समाजाचं वाळवण होतं. रंगवलेली लुगडी तिथं दोऱ्यांवर वाळायची. पुढं गिरणीच्या कापडानं तो धंदा खाल्ला, दोऱ्या निघाल्या, आणि आमच्या वडिलांच्या पिढीनं तिथं मंगळुरी कौलांची बैठी शाळा बांधली. शिकवणं कन्नडमधून. ते बरोबरच होतं, इथं राहायचं तर इथली भाषा नको का? पण शाळेच्या मागच्या अंगाला एक वेगळी खोली होती. ती मराठीची. शनिवारी दुपारी शाळा सुटली की समाजाची मुलं दप्तरासकट त्या खोलीत यायची आणि सुमनअक्का त्यांना मराठी शिकवायची.

सुमनअक्का म्हणजे हीच माझी बहीण. तिचा नवरा लवकर गेला, माझं लग्न राहूनच गेलं. आईवडिलांच्या मागं घरात आम्ही दोघीच. मी नंजनगूडच्या एका कारखान्यात ऑफिसात होते, रोज आगगाडीनं जायचं आणि यायचं. अक्का समोरच्याच शाळेत गणिताची टीचर. गणिताचे पैसे मिळायचे, मराठीचे नाही. तिला त्याचं काही नव्हतं. पुढं गणितातून ती रिटायर झाली, पण शनिवार चालूच राहिला. गुडघे गेले, काठी आली, तरी शनिवारी जेवण उरकून, केसांत अबोलीचा तुकडा खोवून, चष्मा पुसत ती मागच्या खोलीत जायची.

काय शिकवायची? अय्यो, सोपं नव्हतं ते. आमच्या पोरांची मराठी म्हणजे घरात केलेली खिचडी. "टीचर, काल आम्ही बेट्टावर हत्तलो," असं एक पोरगी सांगायची. बेट्ट म्हणजे डोंगर आणि हत्तणं म्हणजे चढणं, कन्नड शब्दाला मराठी शेपूट. अक्का हसायची नाही. "डोंगरावर चढलो," म्हणायची, "आणि वर काय बघितलंत?" पोरगी पुन्हा तसलंच काही बोलायची. अक्का पुन्हा सांगायची. त्या खोलीत मी कधी कधी मागच्या बाकावर जाऊन बसायचे. खिडकीबाहेर होंग्याचं, म्हणजे करंजाचं झाड होतं, त्याची सावली फळ्यावर हलायची. मुलं कमी होत गेली, ते दिसत होतं. आधी बाकं पुरायची नाहीत, शेवटी शेवटी पुढची दोन बाकं भरली तरी अक्काचा चेहरा उजळायचा. घरी येऊन मला म्हणायची, "सुशी, आज नवीन पोरगं आलं गं. त्याला चाकातला 'च' येतो!" जसं काही त्याला राज्य मिळालं.

आता बाळूअण्णा. माझ्याहून थोडा मोठा म्हणून अण्णा म्हणायचं आणि तोंडावर अहोजाहो करायचं. मनातलं मी सांगत नाही. त्याचे आजोबा लाकडी ठशांनी कापड छापायचे, हा फ्लेक्स छापतो. चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छा लटकतात ना, त्यातल्या निम्म्या याच्याच. समाजाचा तो अध्यक्ष झाला, आणि जुनी शाळा पाडून तिथं नवी, मोठी, इंग्रजी माध्यमाची इमारत बांधायची हे त्यानंच मनावर घेतलं. त्याला नावं ठेवत नाही मी. कौलं गळत होती, मुलं दुसऱ्या शाळांत जात होती. त्यानं पळापळ केली, दारोदार फिरला. आणि लहानपणी हाच बाळू अक्काच्या मागच्या खोलीत पहिल्या बाकावर बसायचा, हेही खरं.

दसरा झाला आणि तो आमच्याकडं आला. अक्कासमोर खाली जमिनीवर बसला, खुर्ची दिली तरी घेतली नाही. म्हणाला, "अक्का, नव्या नकाशात मागची खोली मध्ये येते. ती पाडल्याशिवाय पाया घेता येत नाही. पण तुमची खोली ती तुमची. समाजात ती कुणाच्या बापाला मागता यायची नाही. तुम्ही हो म्हणालात तरच."

अक्कानं विचारलं, "मग पुढं कसं रे बाळू?"

बाळूअण्णा हसला आणि म्हणाला, "होतंय, अक्का."

बास. अक्कानं दुसऱ्या दिवशी खोली रिकामी करून दिली. पुस्तकांचं कपाट, फळा आणि दोन बाकं आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसली. शनिवारचा वर्ग तेवढ्यापुरता थांबला, आणि तेव्हापासून आम्ही त्या बाकांना ठेचकाळत घरात फिरतोय.

तुम्ही म्हणाल, 'होतंय' म्हणजे काय? एवढ्यावर कुणी आपली खोली देतं का? देतं. आमच्यात देतं. तिथंच तर सगळी गोम आहे.

ओलं कापड खोटं बोलतं. कढईतून काढलेलं लुगडं डाळिंबासारखं गडद दिसतं आणि वाळलं की विटकं निघतं. कधी उलटंही होतं. म्हणून रंगाऱ्यांच्या घरात कापड ओलं असताना त्याच्या रंगाबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. गिऱ्हाईक दारात येऊन विचारायचं, कसा आलाय रंग? उत्तर एकच, "होतंय." चांगला म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, रंगाचं नावसुद्धा घ्यायचं नाही. घेतलं तर रंग फिरतो अशी समजूत. कढया गेल्या, हिरडा गेला, तुरटी फक्त दाढीपुरती उरली, पण ही खोड आमच्या हाडात राहिली. घरात कुणाला दिवस गेले, विचारलं तर "होतंय". कुणाचं लग्न ठरतंय, "होतंय". मला नोकरी लागली तेव्हा पहिला पगार हातात पडेपर्यंत आई सगळ्या गल्लीला "होतंय, होतंय" सांगत होती. शेजारच्या जयम्मा, त्या कन्नड, त्यांना हे कधी कळलंच नाही. त्या कपाळावर हात मारायच्या आणि म्हणायच्या, "काय होतंय ते तरी सांगा!" आम्हाला हसू यायचं. आपलं काहीतरी वेगळं, खास आहे असं वाटायचं. एकमेकांना न बोलता कळतं, म्हणून केवढा तो अभिमान!

तर बाळूअण्णा "होतंय" म्हणाला आणि अक्काला वाटलं, त्यानं शब्द दिला.

पाया खणायच्या आधी चुन्याची फक्की टाकून जमिनीवर खोल्या आखल्या. त्या दिवशी अक्का काठी टेकत गेली आणि त्या पांढऱ्या चौकोनांतून हिंडली. होंग्याचं झाड त्यांनी ठेवलं होतं. त्याच्या जवळच्या, उत्तरेकडच्या चौकोनात ती थांबली. पायऱ्या नाहीत, फाटकापासून लांब नाही, सावली. छत्री उघडून ती बराच वेळ तिथं उभी राहिली.   परत येताना तिचं पाऊल हलकं पडत होतं.

मग भिंती वर यायला लागल्या. मी त्याच हिवाळ्यात रिटायर झाले होते, मला दुसरा उद्योग नव्हता. रोज सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही बांधकाम बघायला जायचो. वाळूच्या ढिगावर कुत्री झोपलेली असायची. विटांवर पाणी मारलं की त्या 'सूं' करून पाणी प्यायच्या, तो आवाज अक्काला फार आवडायचा. परीक्षेचे दिवस आले, झाडं गुलाबी झाली, आणि स्लॅब टाकायचा दिवस आला. काय तो दिवस! मिक्सरची घरघर, पाट्यांची रांग, बायका डोक्यावर पाटी घेऊन फळीवरून चढतायत, मेस्त्री वरून शिव्या घालतोय. रस्त्यापलीकडं घरात कुणाचं तरी पोर उद्याच्या पेपराला कानांत बोळे घालून बसलेलं. अक्कानं घागरभर पानक केलं होतं, गूळ, लिंबू, सुंठ, वेलदोडा. सगळ्या कामगारांना स्वतःच्या हातानं दिलं. बाळूअण्णाला दोनदा दिलं. तो ग्लास रिकामा करून म्हणाला, "वा, अक्का! आशीर्वाद असू द्या."

अक्का म्हणाली, "कसं काय मग?"

"होतंय, होतंय."

तिला हे पुरायचं. मला पुरायचं नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, "सरळ विचार की गं त्याला, ती खोली माझी ना म्हणून. तोंड शिवलंय का तुझं?" अक्का माझ्यावर अशी चवताळली की काय सांगू! "स्लॅब ओला आहे अजून," म्हणाली, "आणि तू चालली नाव घ्यायला! तुला काही रीतभात?" त्यात जयम्मा आल्या. त्यांना ऐकवलं तर त्यांचंही तेच. "बायि बिट्टु केळि, टीचर," म्हणाल्या, म्हणजे तोंड उघडून विचारा. अक्का त्यांच्याकडं बघून नुसती हसली. आमच्यातलं तुम्हाला नाही कळायचं, असं ते हसू.

त्या दिवसांचं आता आठवतं ते सगळं ओलं आहे. स्लॅबवर बांध घालून साठवलेलं पाणी, त्यात पडलेली गुलाबी फुलं. गिलाव्याच्या काळपट भिंती. एप्रिलात संध्याकाळी ढग गडगडून एखादी सर यायची आणि वाळत आलेल्या भिंती पुन्हा काळ्या व्हायच्या. अक्का चिडायची पावसावर. रोज त्या उत्तरेच्या खोलीत शिरून ती भिंतीला तळहात लावायची. गार लागला की हात पदराला पुसून म्हणायची, "अजून आहे." एवढंच. रिकाम्या खोलीत तिचा आवाज घुमायचा. एकदा मी तिला खिडकीपाशी उभी असलेली बघितली. समोर काही नव्हतं, नुसता सिमेंटचा कोबा, पण ती अशी बघत होती की समोर बाकं मांडलेली आहेत. किती सुखात होती म्हणून सांगू! नवरा गेल्यानंतर तिला तशी मी बघितलीच नव्हती. त्याचंच मला जास्त लागतं. बाळूअण्णानं तिला खोली दिली नाही हे एक, पण ते आठ महिने त्यानं तिला त्या सुखात राहू दिलं, हे दुसरं.

मे संपत आला तशी घाई सुरू झाली. रात्रंदिवस फरशा कापायचं यंत्र किंचाळायचं. एक दिवस गेलो तर त्या खोलीला काचेचा दरवाजा लागत होता. खालपासून वरपर्यंत सबंध काच. भिंतीत एसीचं भोक पाडलेलं.  मी म्हटलं, "अक्का, मराठीच्या वर्गाला एसी?"

ती म्हणाली, "बाळू काहीही करेल गं. वेडाच आहे तो. मला आपली सावली पुरे होती."

त्याच संध्याकाळी मी तिला न सांगता बाळूअण्णाच्या दुकानात गेले. यंत्रातून कुणाचा तरी हसरा चेहरा फूट फूट बाहेर येत होता. मी उभ्याउभ्याच विचारलं, "अण्णा, ती उत्तरेची खोली अक्काच्या वर्गाला आहे ना?" नाव घेऊन विचारलं, रीतभात गेली खड्ड्यात. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. यंत्राचं बटण दाबत म्हणाला, "होतंय हो, सुशीला. सगळं होतंय. बसा, कॉफी मागवतो." मी बसले नाही. पण काय करणार होते? त्याला शब्दात कुठंच पकडता येत नव्हतं. पाण्याला चिमटा काढल्यासारखं झालं.

जूनमध्ये उद्घाटन झालं. मांडव, सनई, आंब्याची तोरणं, समाजातल्या सगळ्या बायका रेशमी साड्यांत. अक्कानं गडद लाल साडी काढली होती. भिंती वाळल्या होत्या. मी स्वतः हात लावून बघितलं होतं, पांढऱ्याधोप, कोरड्या ठणठणीत. अक्का मला हळूच म्हणाली, "आज विचारते हं त्याला." लहान मुलीसारखी म्हणाली.

विचारायची वेळ आलीच नाही. फाटकातून आत शिरलो तर मांडवाच्या खांबाला फ्लेक्स. त्यावर अक्काचा फोटो, हार घातलेला नव्हता एवढंच नशीब, आणि खाली कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत, निवृत्त मराठी शिक्षिका श्रीमती सुमनबाई यांचा सत्कार. अक्का चष्मा सावरून ते वाचत उभी राहिली. गणितातून ती रिटायर झाली होती. मराठीतून रिटायर व्हायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ते तिला फ्लेक्सनं सांगितलं.

मग स्टेजवर बोलावलं. आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणं डोक्यावर म्हैसुरी पेटा चढवला, जरीच्या काठाचा. खांद्यावर शाल, गळ्यात चंदनाचा हार, हातात फळांची टोपली. पेटा मोठा होता, तो तिच्या चष्म्यावर उतरत होता आणि हातांत टोपली असल्यानं तिला तो सरळ करता येत नव्हता. फोटोग्राफर म्हणत होता, इकडं बघा, इकडं बघा. टाळ्या किती वाजल्या! बाळूअण्णानं वाकून नमस्कार केला, मराठीत म्हणाला, "यांच्यामुळं आम्ही घडलो." डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खोटं नव्हतं ते, हे तर मला अजून सहन होत नाही.

उत्तरेच्या खोलीच्या काचेवर 'ॲडमिशन ऑफिस' अशी सोनेरी अक्षरं होती. आत सोफा, कुंडीतलं प्लास्टिकचं झाड.

मी त्याला जेवणाच्या पंगतीत गाठलं, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, "शब्द दिला होता तुम्ही!" त्यानं हातातलं वाढायचं भांडं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "सुशीला, मी कधी नाव घेतलं होतं का त्या खोलीचं? एकदा तरी? अक्कालाच विचारा." मी अक्काकडं बघितलं. ती पानातल्या केसरी भातावर बोट टेकून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाही घेतलं." कारण खरंच घेतलं नव्हतं. त्यानं नाही आणि तिनं नाही. आमच्याच घरची रीत त्यानं आमच्यावर वापरली, आणि रीत मोडली नाही म्हणून चोरीही ठरली नाही. मग तो जरा मऊ झाला. "आणि खरं सांगा, अक्का, येणार होतं कोण? माझी नातवंडंसुद्धा आली नसती. रिकामी खोली ठेवून समाजाला मी काय तोंड दाखवलं असतं?"

त्याचं म्हणणं खरं होतं. पुढची दोन बाकं. पण खरं असलं म्हणून काय झालं? ते दसऱ्याला सांगायचं होतं, जमिनीवर बसला होता तेव्हा. अक्का म्हणाली असती, बरं. किंवा म्हणाली असती, नाही. तिची खोली तिच्या ताब्यात होती तोवर तिला नाही म्हणता येत होतं. पाडायच्या आधी सांगणं आणि बांधून झाल्यावर सांगणं यात काही फरक आहे की नाही? मी हे कितीदा मनात बोलले आहे, भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. जयम्मा म्हणतात, सोडा आता. कसं सोडू?

त्या दिवशी घरी आल्यावर अक्कानं पेटा काढून कपाटावर ठेवला आणि कॉफी मागितली. कन्नडमध्ये मागितली. मला काही वाटलं नाही, आम्ही सगळेच मधूनमधून कन्नड बोलतो. संध्याकाळीही कन्नड. दुसऱ्या दिवशीही. जेवलीस का, तर "आय्तु," झालं. भाजीत मीठ बरोबर आहे का, तर "साकु," पुरे. मी मराठीत बोलायचे, ती कन्नडमध्ये उत्तर द्यायची. रागावून नाही, अगदी शांतपणं, गोडसुद्धा. मी वाट बघितली, आठवडा जाईल, महिना जाईल. गौरी गेल्या, दसरा गेला. एकदा मी ओरडले, "बोल की माझ्याशी! आईच्या भाषेत बोल की!" ती माझ्याकडं बघत म्हणाली, "याके कूगतीया? नंगे केळसत्ते." का ओरडतेस, मला ऐकू येतं.

आता मी घरात मराठी बोलणारी एकटी. भाऊ बेंगळूरला, त्याच्या मुलांना मी फोनवर काही विचारलं की ती 'हां आत्या, ओके आत्या' म्हणतात. बाजारात कन्नड, बँकेत इंग्रजी, घरात मी बोलते आणि भिंत परत देते. कधी कधी मलाच भीती वाटते, एखादा शब्द आठवत नाही, तो कुणाला विचारायचा? म्हणून हे लिहायला बसले. बोलायला माणूस असतं तर कशाला एवढं लिहिलं असतं?

आणि गेल्या रविवारी बाळूअण्णा आला. बऱ्याच काळानं. थकलाय, श्वास लागतो. बाकं अजून पुढच्या खोलीतच आहेत, त्यातल्या एकावर बसला. अक्का चटईवर तांदूळ निवडत होती. तो म्हणाला, "अक्का, हेब्बाळच्या कंपनीत पुण्याकडची पुष्कळ माणसं आलीत. त्यांची मुलं आपल्या शाळेत घेतलीत. ते आईबाप मला विचारतात, मराठी समाजाची शाळा ना, मग मराठी कसं नाही? मला लाज वाटली. वरच्या मजल्यावर उत्तरेची खोली मराठीला ठेवतोय. मी बैठकीत सांगून टाकलंय सगळ्यांना. लिफ्टही बसतेय, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही. जूनपासून शनिवारी तुम्ही या. मुलं वीसपंचवीस तरी असतील."

 खोटं कशाला बोलू? इतकं सगळं होऊनसुद्धा मी मनात म्हटलं, हो म्हण अक्का, हो म्हण.

अक्कानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काफि कुडितीरा?" कॉफी घेता का. ज्याला जन्मभर 'अरे बाळू' म्हटलं, त्याला अहो.

"कॉफी राहू दे अक्का, वर्गाचं सांगा."

"नंगे मराठी बरल्ला," अक्का म्हणाली. मला मराठी येत नाही.

बाळूअण्णा हसला. थट्टा असेल असं त्याला वाटलं. मग त्यानं तिच्याकडं नीट बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं. म्हणाला, "असं काय करता, अक्का? मग मला मराठी शिकवलं कुणी?"

अक्कानं तांदळातला एक खडा उचलून ताटाच्या कडेला ठेवला.

"गोत्तिल्ला," ती म्हणाली. ठाऊक नाही.